पाहुण्यांच्या कॉलरवरचा माईक

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या सभागृहामागे एक अरुंद खोली आहे. तिथल्या लोखंडी कपाटात, दुसऱ्या फळीवर, चष्म्याच्या एका जुन्या घरात माझा मुक्काम असतो. ते घर उघडलंत तर आत चष्मा सापडणार नाही. शेंगदाण्याएवढं काळं डोकं, पाठीला चिमटा आणि हातभर वायर, एवढाच मी. कॉलरला लावायचा माईक. परवा तुमच्या गाण्याच्या बाईंनी मला उचलून विचारलं, "हा चालतो का हो?" शिपाईमामा म्हणाले, "न चालायला काय झालं? जुनाट आहे, पण ठणठणीत आहे." जुनाट म्हटल्याचं मला काही वाटलं नाही. वय झालं की ऐकून घ्यावं लागतं. पण ठणठणीत म्हणाले ना, ते मात्र लागलं. माझ्या आयुष्यात एक दुपार अशी येऊन गेली, की तेव्हा मी ठणठणीत नसतो तर फार बरं झालं असतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. धुळीचा कणही चालत नाही म्हणून तिथली माणसं नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत असत. डोळे तेवढे दिसायचे. एका बाईने भिंगाखाली धरून माझ्या पोटात केसाहून बारीक तारा बसवल्या. माईक तपासायला तिच्यापुढे चांगलं यंत्र होतं, पण तिचा यंत्रावर काडीचा विश्वास नव्हता. प्रत्येक माईक तयार झाला की ती तोंडावरची पट्टी जरा खाली करायची आणि त्याच्याशी अगदी हळू, शेजारणीलाही कळणार नाही इतक्या हळू बोलायची. मला ती म्हणाली, "आज घरी जायला उशीर होणार बघ. लेक वाट बघत बसेल." तिच्या हेडफोनमध्ये ते जसंच्या तसं उमटलं आणि मी पास झालो. जगात आल्यावर पहिलं वाक्य ऐकलं ते असं मनातलं. त्यामुळे असेल, माझी समजूतच झाली की माणूस माईकशी बोलतो ते विश्वासाने.

तिथून मी आलो एका टीव्हीच्या स्टुडिओत. रोज रात्री अकरा वाजता लागणारा गप्पांचा कार्यक्रम होता तो. कुणीतरी बडी असामी यायची, नट म्हणा, गायक म्हणा, खेळाडू म्हणा. निळ्या खुर्चीत बसायची, हसायची, लहानपणीची एखादी खोडी सांगायची आणि जाता जाता आपल्या नव्या कामाची जाहिरात करून जायची. आता एक गुपित सांगतो. तो रात्रीचा कार्यक्रम आम्ही दुपारी चार वाजता करत असू. मागच्या खिडकीत दिवे लागलेलं शहर दिसायचं ना, ते पुठ्ठ्याचं. बाहेर रणरणतं ऊन, आणि आमचे निवेदकसाहेब "शुभ रात्री, मंडळी!" म्हणून मोकळे. समोरचे प्रेक्षक दुपारच्या जेवणाने सुस्तावलेले, जांभया दाबत टाळ्या वाजवायचे. घरी बघणाऱ्यांना वाटायचं, रात्र फार झाली म्हणून पेंगतायत. या लबाडीचं मला तेव्हा हसू येई. तिने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

स्टुडिओत आवाजाचं सगळं काम एक काका बघत. डोक्यावर सतत मोठे हेडफोन, त्यामुळे केसांना मधोमध एक कायमची खाच पडलेली. स्टुडिओ त्यांना कानसेन म्हणायचा. म्हणो बापडा, माझे ते काकाच. माझ्या वायरीच्या टोकाला एक छोटी डबी असते, ती पाहुण्याच्या कमरेला पाठीमागे अडकवतात. त्या डबीवर काकांनी पांढरी पट्टी चिकटवली आणि सुवाच्य अक्षरांत लिहिलं, 'पाहुणा'. माझा जोडीदार निवेदकसाहेबांच्या कॉलरला लागायचा. त्याच्या डबीवर नुसतं 'सर'. काम संपलं की काका मला कापसाने पुसत, घामाचा अंश राहू देत नसत. कारखान्यातून आलेला माझा खोका त्यांना पसंत पडला नाही. त्यांनी स्वतःच्या चष्म्याचं घर मला देऊन टाकलं आणि चष्मा खिशात ठेवून ठेवून त्याच्यावर ओरखडे पाडून घेतले. अकरा वर्षांत मी एकदाही खरखरलो नाही. त्याचं निम्मं श्रेय त्यांचं.

मी जिथे बसायचो तिथून माणसाचं काळीज वीतभरावर असतं. टीव्हीवर तुम्हाला चेहरा दिसतो. मला बाकीचं ऐकू यायचं. पडद्यावर वीस जणांना लोळवणारा एक नट निळ्या खुर्चीत बसला की असा धडधडे, की तिकडे काचेमागे काका हैराण. एका मुष्टियोद्ध्याच्या पोटात कावळे ओरडत होते. वजन उतरवायचं म्हणून गडी दोन दिवस उपाशी, आणि निवेदकसाहेब नेमके त्याला आवडीचे पदार्थ विचारत होते! एक मोठी गायिका ब्रेकमध्ये तापाने फणफणलेल्या मुलाला फोनवर गाणं म्हणून दाखवत होती. बेसूर म्हणत होती. हो, चक्क बेसूर, कारण रडू आवरत म्हणत होती. नंतर कार्यक्रमात तिने गाऊन टाळ्या घेतल्या, ते गाणं मी विसरलो. ब्रेकमधलं विसरलो नाही.

हे मला ऐकू यायचं, बाहेर कुणालाही नाही. काकांचा तसा नेमच होता. त्यांच्यापुढे बटणांचं मोठं टेबल होतं आणि त्यावर प्रत्येक माईकची एक वरखाली सरकणारी पट्टी. ब्रेक झाला रे झाला, की ते माझी पट्टी तळापर्यंत ओढत, काचेतून पाहुण्याकडे बघत आणि अंगठा वर करत. म्हणजे माईक बंद, आता मोकळेपणाने बोला. आधी मला कॉलरला लावता लावताच ते सांगून ठेवत, "माझा अंगठा दिसला की मी बहिरा. मग मला शिव्या घातल्यात तरी कळायचं नाही." पाहुणा हसे, सैल होऊन बसे. कार्यक्रमाला येऊन गेलेली माणसं पुढच्यांना सांगत, तिथे ते कानसेन आहेत ना, मग निर्धास्त जा. ऐकणं तर मला जन्मानेच येत होतं. ऐकलेलं पोटात ठेवणं मी काकांकडून शिकलो.

मग वारं फिरलं. दुसऱ्या वाहिनीवर त्याच वेळेला एक तरुण बाई गप्पा मारायला बसू लागली आणि आमचे प्रेक्षक भराभर तिकडे गेले. निवेदकसाहेबांच्या नाकाच्या शेंड्यावर राग येऊन बसला. पहिल्या वर्षी हाच माणूस, कार्यक्रम सुरू होण्याआधी माझ्या डोक्यावर बोट टेकवून "सांभाळून घे रे बाबा" म्हणायचा. आता दिसेल त्याच्यावर डाफरायचा. सगळं खापर फुटलं प्रश्नांवर. आणि प्रश्न लिहायची काकांची लेक. वर्षापूर्वीच ती लागली होती. पोरगी हुशार, पण भिडस्त. समोरच्याला बोचेल असं काही विचारणं तिच्या जिवावर येई.

एका दुपारी मी रंगपटाच्या खोलीत आरशापुढे पडलो होतो. निवेदकसाहेबांनी काकांना बोलावून घेतलं आणि दार लोटलं.

"काका, तुमच्या लेकीचं काही खरं नाही. तिच्या प्रश्नांनी लोक झोपतायत. आठवडाभर बघतो, मग दुसरं कुणी शोधावं लागेल मला."

"नवीन आहे, सर. शिकेल."

"शिकेल तेव्हा शिकेल. एक करता येईल. ब्रेकमध्ये पाहुण्याचा आवाज माझ्या कानात सोडा. फक्त माझ्या. प्रश्न आपोआप सुचतील आणि नाव तिचं होईल."

साहेबांच्या कानात एक बारीक यंत्र असायचं, दिग्दर्शकबाईंच्या सूचना ऐकायला. त्याच्याबद्दल ते बोलत होते.

काका म्हणाले, "नाही जमायचं. मी शब्द देतो पाहुण्यांना."

"शब्द कुठे देता? अंगठाच तर दाखवता," साहेब म्हणाले आणि आरशात बघून केस सारखे करू लागले.

काका मला उचलून बाहेर आले. मला त्यांचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

तिसऱ्या दिवशी आत्या आली.

आत्या म्हणजे कुणाची सख्खी आत्या नव्हे. वीस वर्षं चाललेल्या एका मालिकेत ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरात नाक खुपसणारी आत्या झाली होती, आणि तेव्हापासून लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणत. कमरेवर हात ठेवून ती म्हणायची, "मी कुणाच्या अध्यात ना मध्यात, मी आपली दारात! दार कुणाचं, ते विचारू नका!" एवढ्यावर घरंच्या घरं हसून लोळायची. त्याही आधी ती नाटकांत होती, गावोगाव दौरे करायची, आणि त्या दौऱ्यांत आवाजाचं काम काकांकडे असायचं. एकाच मोटारीत, पेट्यांवर बसून दोघांनी निम्मं आयुष्य काढलेलं. काका मला तिच्या कॉलरला लावत होते तेव्हा ती म्हणाली, "अजून टिकून आहेस का रे कानसेना? मला वाटलं, एव्हाना ठार बहिरा झाला असशील."

"झालो असतो तर तुमच्याच आवाजाने झालो असतो, आत्या."

ती खळखळून हसली. काकाही हसले, पण ते मला लावताना त्यांची बोटं गार होती.

पहिला भाग झकास झाला. आत्याने लोकांना पोट धरून हसवलं. ब्रेक झाला, काकांनी माझी पट्टी खाली ओढली, अंगठा वर केला. पण त्या पट्टीच्या खाली एक छोटं गोल बटण होतं, माझा आवाज सरांच्या कानात सोडणारं. ते मात्र फिरवून ठेवलेलं होतं. लेकीसाठी त्यांनी त्या दिवशी तेवढंच केलं होतं. त्यांना वाटलं असेल, आत्या काय बोलणार ब्रेकमध्ये? पाणी मागेल, उकडतंय म्हणेल.

आत्याच्या गळ्यातली मण्यांची माळ माझ्यावर आपटत होती. ती बाजूला करायला काका स्वतःच आले. आत्याने त्यांचं मनगट धरलं आणि आजूबाजूला बघून विचारलं, "बंद आहे ना रे हा?"

काकांनी अंगठा वर केला. तोंडाने 'हो' म्हणाले नाहीत. पण मित्रांनो, अंगठ्याने बोललेलं खोटंही खोटंच असतं.

"मग ऐक," आत्या अगदी हळू म्हणाली. "माझे शब्द हरवायला लागलेत. आधी वाटलं, दमते मी. पण परवा तालमीत सबंध एक पान कोरं झालं डोक्यातलं. खोटा खोकला काढला आणि वेळ मारून नेली."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. ते बघतील त्यांचं ते. मला हे नाटक करायचंय. सहा आठवड्यांवर आलंय. न्यायाधीश बाईचं काम आहे रे, गंभीर. जन्मभर लोकांना खिदळायला लावलं. एकदा तरी त्यांनी गप्प बसून माझं ऐकावं, एवढीच हौस राहिलीय. तू विंगेत बस. मी ते बारीक यंत्र घालते कानात. अडले की शब्द सांग. नाटकवाल्यांना आत्ता कळलं तर मला उद्याच काढतील. तुझ्याखेरीज कुणापुढे बोलणार मी हे? बसशील ना?"

काकांची बोटं अजून माझ्यावरच होती. माझ्या वायरीला एक हिसका दिला असता तरी पुरे होतं. समोर निवेदकसाहेबांच्या नाकाला पावडर लावणं चाललं होतं. त्यांनी हात वर करून पावडरवालीला थांबवलं आणि दुसऱ्या हाताने कानातलं यंत्र आत दाबलं. काकांनी ते पाहिलं. मी सांगतो, त्यांनी पाहिलं.

"बसेन, आत्या," काका म्हणाले आणि माळ सरळ करून निघून गेले. त्यांची पावलं सावकाश वाजत गेली. धावले नाहीत.

ब्रेक संपला. टाळ्या झाल्या. निवेदकसाहेब पुढे झुकले.

"आत्या, नवीन नाटक येतंय. पण यंदा म्हणे विंगेतून कुणीतरी तुमच्या कानात शब्द सांगणार आहे?"

आत्या हसली, पण एका श्वासाने उशिरा. तिचं काळीज एकदा चुकलं, मग धावत सुटलं. ती साहेबांकडे बघत नव्हती. ती काचेकडे बघत होती. काचेमागे काका मान खाली घालून टेबलावरची बटणं बघत बसले होते.

"कोण म्हणालं?" आत्याने विचारलं.

"उडत उडत कानावर आलं. खोटं असेल तर आत्ताच निकाल लावून टाकू. तुमचा तो संवाद होऊन जाऊ दे! काय मंडळी?"

मंडळींनी शिट्ट्या मारल्या. आत्या उठली. कमरेवर हात ठेवला. "मी कुणाच्या अध्यात ना मध्यात," ती ठसक्यात म्हणाली, "मी आपली..."

आणि थांबली.

तिचा श्वास आत शब्द शोधत होता. एकेक कप्पा उघडून बघावा तसा. घशाला कोरड पडल्याचाही आवाज असतो, तो मी ऐकला. तेव्हा मी जिवाच्या आकांताने खरखरायला बघितलं. एवढं एकदाच खरखरलो असतो, एकदाच चिरकलो असतो, तर साहेबांना चित्रण थांबवावं लागलं असतं. पण रोज कापसाने पुसलेलं माझं अंग, त्यात धुळीचा कण नाही. मी ती शांतता स्वच्छ टिपली. तिच्या घशातला आवंढासुद्धा टिपला.

मागच्या रांगेतले एक आजोबा मायेने ओरडले, "दारात!" मग सगळेच ओरडले, "दारात! दारात!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांना वाटलं, ही आत्याची काहीतरी गंमत आहे.

"हो," आत्या म्हणाली. "दारात."

मग तिने स्वतःच्या हाताने मला काढलं. साहेबांपुढच्या टेबलावर ठेवलं, आपटलं नाही, अलगद ठेवलं, आणि ती निघून गेली. तिने मलाही त्यांच्यातलाच धरलं असणार. का धरू नये?

अजून सगळं संपलं नव्हतं, हे लक्षात घ्या. पाच वाजले होते. कार्यक्रम लागायचा अकराला. आमच्याकडे रीत अशी, की चित्रण झालं की दिग्दर्शकबाई काकांना एकच प्रश्न विचारायच्या, "आवाज?" काका "ठीक" म्हणाले तरच ते चित्रण पुढे जायचं. काकांनी "खराब" म्हटलं की तो तुकडा कापला जायचा, त्यावर साहेबांचंही चालत नसे. काका मला उचलायला टेबलापाशी आले तेव्हा दिग्दर्शकबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांचाही चेहरा उतरलेला होता.

"काका, ब्रेकनंतरचा आवाज कसा आलाय?" त्यांनी विचारलं. आणि मग एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "खराब आला असेल तर सांगा. मग तो भाग मला घेताच येणार नाही."

बाईंनी दार सताड उघडून धरलं होतं. काकांनी नुसतं पाऊल टाकायचं होतं. मी त्यांच्या मुठीत होतो, मूठ घामाने ओली झाली होती. निवेदकसाहेब थोड्या अंतरावर उभे होते, आणि त्यांच्यामागे हातात प्रश्नांचे कागद धरून काकांची लेक.

"आवाज स्वच्छ आहे," काका म्हणाले.

साहेबांचं मी काय घेऊन बसू? ते पहिल्यापासून आपल्या टाळ्यांचे सोबती. केसाने गळा कापला तो काकांनी. आत्याचा कापला, आणि माझाही. माझा स्वच्छपणा हीच माझी अब्रू होती, आणि त्यांनी नेमका तोच पुढे केला.

अकरा वाजता सगळ्यांनी ते पाहिलं. लोक पुन्हा आमच्या वाहिनीवर परतले. नाटकवाल्यांनी आत्याच्या तब्येतीची काळजी वाटते असं कळवून न्यायाधीश बाईचं काम दुसऱ्या नटीला दिलं. रंगपटातल्या बायका हळहळत ते बोलत होत्या. आणि काकांच्या लेकीच्या पाठीवर शाबासकीची थाप पडली. काय प्रश्न काढलास, पोरी!

ती तडक काकांच्या टेबलापाशी आली. "बाबा, तो प्रश्न मी लिहिलाच नव्हता. सरांना कसं कळलं?"

काकांनी कानांवर हात ठेवले. पण ती लहानपणापासून त्या टेबलाखाली खेळून मोठी झालेली पोर. तिने माझी पट्टी बघितली, खालचं गोल बटण बघितलं. ते अजून फिरवलेलंच होतं. मग गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

"माझ्यासाठी केलंत, असं कधी कुणाला सांगू नका, बाबा," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती स्टुडिओत आली नाही.

अशा गोष्टी बाहेर फुटायला वेळ लागत नाही. पाहुणे येत, काका तेच वाक्य म्हणत, ब्रेकमध्ये अंगठा वर होई आणि पाहुणे ओठ घट्ट मिटून पाण्याचे घोट घेत बसत. कुणी फोनवर गाणं म्हटलं नाही. कुणी पोटातलं ओठांवर आणलं नाही. मी तिथे होतो आणि माझ्यापाशी कुणीच नव्हतं. वर्षभरात नवे माईक आले. मी एका खणात, जुन्या बॅटऱ्यांच्या शेजारी पडलो. काकांना निरोपाचा हार घालून घरी पाठवलं, तेव्हा त्यांनी मला मागून घेतलं. का, ते मला आजही सांगता येणार नाही. घरी ते मला रोज कापसाने पुसायचे. मला ते नकोसं व्हायचं. पुढे त्यांनीच मला या चष्म्याच्या घरासकट तुमच्या शाळेला देऊन टाकलं.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणीतरी मला कॉलरला लावून रंगमंचावर जाईल. मला पुसलं नाहीत तरी चालेल, वायर वेडीवाकडी गुंडाळलीत तरी मी राग धरणार नाही. पण कुणी तुमच्या कानाशी येऊन हळू बोललं, तर ते तुमच्यापाशीच राहू द्या. राहणार नसेल, तर आधीच सांगून टाका, बाबा रे, माझ्याजवळ नको बोलूस. एवढं खरं बोलायला फारसं धैर्य लागत नाही. नंतर जे लागतं, ते काकांना कधीच गोळा करता आलं नाही. ते कसं, तेवढं सांगतो आणि थांबतो.

एका रविवारी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात आत्याचा कार्यक्रम होता. तेच नाटक ती एकटी, खुर्चीत बसून, हातात वही घेऊन वाचणार होती. काकांनी पाटीवर वाचलं आणि मला शर्टाच्या खिशात घालून गेले. आठवडाभर ते स्वयंपाकघरात उभे राहून काहीतरी पाठ करत होते, दर वेळी "आत्या, त्या दिवशी मी..." इथे येऊन अडत होते.

सुरुवात व्हायच्या आधी ते पुढे गेले. मला खिशातून अर्धवट काढून म्हणाले, "आत्या, मागपर्यंत नीट पोचेल. लावू का?"

"नको," आत्या म्हणाली. "पोचेल."

आणि पोचलं. तिने उघडपणे ओळीवर बोट ठेवून वाचलं. ओळ हरवली की म्हणायची, "थांबा हं, सापडतेय." लोक थांबत. साठ-सत्तर माणसं असतील, एक खुर्ची कुरकुरली नाही. काकांच्या खिशातून, कापडाआडून, मी सगळ्यांसारखाच ऐकत होतो. वाचून संपलं तरी कुणाला टाळ्या वाजवायचं सुचेना. मग वाजल्या.

लोक पांगले. काका तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांचं काळीज मला कापडातून लागत होतं.

"आत्या, त्या दिवशी..."

"आलात, बरं वाटलं," आत्या म्हणाली. "बसायला जागा मिळाली ना तुम्हाला?"

तीस-पस्तीस वर्षांत ती काकांना कधी 'तुम्ही' म्हणाली नव्हती. "मिळाली," ते म्हणाले.

"लेक बरी आहे?"

"बरी आहे."

"छान. आज उकाडा फार आहे, नाही?"

"हो. फार आहे."

तिने हसून मान हलवली. ती चिडली नव्हती, तिने टोमणाही मारला नव्हता. काका आणखी थोडा वेळ उभे राहिले. माझं बटण दाबलेलं नव्हतं, सभागृह रिकामं होतं, ऐकायला कुणीही नव्हतं. पण त्या दोघांत आता असं एकही वाक्य उरलं नव्हतं, जे अख्ख्या जगाला ऐकवता आलं नसतं.